पाणी ओढा, गाळाकडं बघू नका

लातुरात, अंबाजोगाईत नाहीतर परभणीत तुमचं सॉफ्टवेअरचं दुकान असेल, तर एक गोष्ट आधी पक्की करा: जे फुकट मिळतं ते देवाचं असतं. म्हणजे ओपन सोर्स, कुणीही फुकट वापरावं अशी खुली सॉफ्टवेअरं. सर्व्हर लिनक्सवर चालवा, डेटा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ठेवा, साइट वर्डप्रेसवर उभी करा आणि बिलावर लिहा, ‘आमची स्वतःची टेक्नॉलॉजी’.

आपल्याकडच्या जुन्या बारवा आठवा. पाणी सगळ्या गावाचं, गाळ कुणाचाच नाही. ही फुकट सॉफ्टवेअरची बारव मात्र अजून चालू आहे आणि आत गाळ काढायला, म्हणजे चुका दुरुस्त करायला, बहुतेक एकटाच माणूस उतरलेला असतो, तोही नोकरीवरनं घरी आल्यावर. तुम्ही वरून बादली सोडत राहा. त्याच्या डोक्यात बसली तर ‘बघून उभं राहावं की!’ म्हणून वरूनच ओरडा.

2014 साली ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. इंटरनेटवरचे बँकांचे, दुकानांचे व्यवहार ज्याच्या भरवशावर, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगी यायची साधारण 2000 डॉलर. तेव्हाच्या भावानं सव्वा लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडं वरातीचा डीजे तरी नीट होतो का? मग मोठ्या कंपन्यांनी घाईघाईनं खिशातनं पैसे काढले. तुम्ही तेवढं घाबरू नका.

पैसे द्यायचे नसले तरी तगादा लावायला विसरू नका. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी एक चीज आहे. ती सांभाळणारा माणूस थकलेला, तब्येतीनं बेजार. 2022 मध्ये अनोळखी लोक मागं लागले: काम लई हळू चाललंय, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. मदतीला एकजण हजरच होता. बिचाऱ्यानं किल्ल्या दिल्या. 2024 मध्ये कळलं की मदतनीसानं आत चोरदरवाजा बसवलाय. तोही सापडला कसा? सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर खोदत बसला म्हणून. आपण असतो तर राउटर बंद करून चालू केला असता.

मी हे नियम पाळतो. मागं सप्ताहाची पावतीपुस्तकं छापताना ‘ज्ञानेश्वरी’तला ज्ञ फुटला, अर्धा ज, पुढं लंगडा ञ. रात्री साडेअकराला त्या फुकट फाँटच्या कर्त्याला लिहिलं, ‘अर्जंट!!!’ रविवारी सकाळी दुरुस्त फाइल हजर. मी अंगठा पाठवला.

शेअर दलालीतल्या झिरोधा कंपनीनं 2024 मध्ये अशा फुकट सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांसाठी वर्षाला 10 लाख डॉलरचा फंड काढला म्हणे. असू द्या, त्यांच्याकडं आहेत.

काल पोरं वर्गणीला आली. मी 501 ची पावती फाडायला लावली, नाव भोंग्यावर पुकारतात ना. पावतीवरचा ज्ञ एकदम ठसठशीत आला होता.