पोराला विसरले म्हणे!

आज घरातल्या एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत माझ्या मागे बसलेल्या एका नातेवाइकांनी, नानांना ऐकू जाईल अशा बेताने, म्हटलं, "पोराचं रक्त सुकलं नाही आणि याला नवरदेव व्हायचं सुचलं." नानांचा हात ताटावरच थांबला. शेजारी काकू, म्हणजे नानांची दुसरी बायको, बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, स्वतःच्या ताटातली जिलेबी उचलून नानांच्या ताटात ठेवली. मुलीचा कार्यक्रम म्हणून मी तिथे गप्प बसले. आता घरी आलेय आणि गप्प बसवत नाही.

अकरा वर्षं झाली. रक्त सुकलं नाही म्हणता, मग या अकरा वर्षांत एका तरी तारखेला नानांबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात कोण बसलं होतं, ते सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. नाना म्हणजे माझे सख्खे काका. आमचं गाव शहाद्याच्या बाजूला, उसाचा पट्टा. गाळपाचे दिवस होते. रात्री रस्त्यात उसाचा ट्रॅक्टर उभा, मागे दोन ट्रॉल्या, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. नानांचा मुलगा, आमचा दादा, मोटारसायकलवरून येत होता, त्याला दिसलंच नाही. बावीस वर्षांचा होता. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ (अ). जामीनपात्र गुन्हा, जास्तीत जास्त २ वर्षं कैद. चालक लगेच जामिनावर घरी. २०२४ च्या जुलैपासून नवीन कायद्यात ही शिक्षा ५ वर्षांपर्यंत झालीय, पण आमच्या दादाला त्याचा काय उपयोग?

त्यानंतर नाना माणसात राहिले नाहीत. गोणपाटात गुंडाळलेला कोयता कायम मोटारसायकलला बांधलेला. एकदा त्या चालकाच्या गावच्या स्टँडवर तीन तास बसून आले. तो दिसला नाही म्हणून आज नाना बाहेर आहेत, नाहीतर जेलात असते. मोठी काकू, दादाची आई, याच काळजीने खंगत गेली आणि दोन वर्षांत तीही गेली. आणि तेव्हा नानांच्या ओट्यावर बसून "सोडू नको त्याला" म्हणणारे कोण होते? आज पंगतीत बोलले तेच! चहा प्यायचे, आग लावायचे आणि रात्री आपापल्या पोरांजवळ झोपायला जायचे.

दर धनत्रयोदशीला नाना अस्तंब्याला जायला लागले. सातपुड्यातला हा डोंगर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, अश्वत्थाम्याचं ठाणं. बाप कपटाने मारला गेला म्हणून ज्याने रात्री झोपलेली पोरं कापली, आणि मग कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरत राहिला, तो. नाना तिथे काय मागत होते हे मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची. भागवतात त्याच अश्वत्थाम्याला सोडा म्हणणारी द्रौपदी आहे, जिची पाचही पोरं त्याने मारली होती. माझ्यासारखं याच्या आईने रडू नये, म्हणते. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मला द्रौपदीचा राग यायचा.

मग कोर्टाजवळच्या पोळी-भाजी केंद्रातल्या काकू आल्या. त्या विधवा, एकट्या. तारखेच्या दिवशी नाना तिथे जेवायचे, म्हणजे अर्धं टाकून उठायचे. एक दिवस मी सोबत होते. काकूंनी विचारलं, "तुमचा मुलगा जेवायला काय मागायचा?"

एवढंच. केस कुठवर आली, वकील काय म्हणतो, नुकसानभरपाई किती मिळेल, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. दादा काय खायचा हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. नाना बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. पण आधी भाकरीचा पापुद्रा सोलून खायचा, आईच्या शिव्या खायचा." आणि हसले. मग तासभर बोलत होते. पोहायला शिकवताना दादा कसा विहिरीत उतरायलाच तयार नव्हता, दहावीत गणितात कसा काठावर पास झाला. इतक्या वर्षांत माझा भाऊ पहिल्यांदा केस नंबर सोडून माणूस होऊन समोर आला. मी रडले, आताही रडतेय.

आणि तुम्ही म्हणता, पोराला विसरले!

काकूंनी कधी "माफ करा" म्हटलं नाही. उपदेश तर अजिबात नाही. पुढच्या तारखेला भरीत केलं, त्याच्या पुढच्या तारखेलाही. कोयता कधी सुटला मला कळलंही नाही, हल्ली गोठ्यात कडबा तोडायला वापरतात. लग्न रजिस्टर झालं, विशेष विवाह कायद्याखाली. त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस लागते, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ते ३० दिवस या दोघांनी गावाचं काय काय ऐकलं हे मला माहीत आहे, कारण तीन साक्षीदारांतली एक मी होते.

मान्य आहे, नानांना सुख मिळालं म्हणून त्या चालकाचा गुन्हा पुसला जात नाही. शिक्षा व्हायलाच हवी. मोठ्या काकूच्या माहेरच्यांना वाईट वाटतं, तेही समजू शकते. पण बाकीच्यांना कसलं दुःख आहे? नाना सुडात जळत होते तोवर त्यांचं कौतुक होतं, "बाप असावा तर असा". आता रात्री झोप लागते त्यांना, तर ते बेशरम?

हे लिहीत असतानाच नानांचा फोन आला. मला वाटलं ते दुखावलेत. तर म्हणाले, "तिला फार लागलं का गं बोलणं? मला काही सांगत नाहीये." मी म्हटलं, तुम्हीच जवळ बसा थोडा वेळ. मग म्हणाले, "उद्या तारीख आहे, ११ वाजता. भरीत करणारेय ती. येतेस का?"

अकरा वर्षांत नानांनी पहिल्यांदा स्वतःहून कोणाला तरी तारखेला बोलावलंय. सकाळच्या एसटीने निघतेय.