म्हणे, चोर होते म्हणून

‘हिटलरने जिप्सींना वंशामुळे मारलं नाही. चोऱ्या करत भटकणारे लोक म्हणून छावणीत टाकलं. खरंच नरसंहार झाला असता तर त्यांनी तो लक्षात ठेवला नसता का?’ हा मजकूर जुनाच, अधूनमधून नव्याने फिरतो. (‘जिप्सी’ ही इतरांनी चिकटवलेली शिवी. ते स्वतःला रोमा म्हणवतात, जर्मन मुलखातले सिंती.)

आधी चोऱ्यांचं बघू. जर्मनीतल्या म्युल्फिंगेन गावी कॅथलिक नन्सच्या बालगृहात सिंती मुलं राहत होती. आईबापांपासून तोडून तिथे आणलेली. एव्हा युस्टिन या संशोधिकेने त्यांची डोकी मोजली, डोळ्यांचे रंग टिपले आणि त्यावर डॉक्टरेट मिळवली. प्रबंध पुरा होईपर्यंत मुलांना कुणी हात लावला नाही. मग मे 1944 मध्ये 39 मुलांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. सहलीला चाललोय, असं त्यांना सांगितलं होतं. चार वाचली. या पोरांनी कुणाच्या कोंबड्या पळवल्या होत्या? आणि ती भटकत कुठे होती? जर्मन सैन्यातल्या सिंती जवानांनाही वगळलं नाही. त्यांना फौजेतून काढून छावणीत धाडलं.

वंशाचा संबंध नव्हता म्हणणाऱ्यांनी नाझी पोलिसांचा प्रमुख हिमलर याचं 8 डिसेंबर 1938 चं परिपत्रक वाचावं. ‘जिप्सी प्रश्न’ या वंशाचा स्वभाव पाहून सोडवायचा, असं त्यात चक्क लिहिलंय. आउशवित्झच्याच बिर्केनाउ भागात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. तिथे सुमारे 23 हजार आणले, त्यातले 21 हजारांच्या आसपास मेले. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री उरलेले चार हजारांवर, बहुतेक म्हातारे, बायका आणि मुलं, विषारी वायूने मारले. युरोपभरचा आकडा दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगतात. आकड्यावर वाद आहे, घटनेवर नाही.

रोमानी भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’. भाषा भारतातून आलेली, म्हणजे नाझींच्याच हिशेबाने ‘आर्य’. ही अडचण त्यांच्या पंडितांनी कशी सोडवली? वाटेत रक्त भेसळलं म्हणून!

मग हे चोरांचं आलं कुठून? कोर्टातून. 1956 मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने ठरवलं की 1940 मध्ये या लोकांना पोलंडला हाकललं ते वंशद्वेषाने नव्हे, गुन्हे रोखायला. त्यामुळे कित्येकांची भरपाई बुडाली. न्यायालयाने भूमिका बदलली ती 1963 मध्ये, तीही अर्धवट. आपल्याला हा तर्क नवा वाटू नये. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी इथल्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्याच होत्या.

उरलं लक्षात ठेवण्याचं. 1980 मध्ये जर्मनीतल्या डाखाउच्या जुन्या नाझी छावणीत सिंती उपोषणाला बसले. त्यांच्यातले काही छावणीतून वाचलेलेच होते. नाझी काळातल्या वंशनोंदी पोलिसांच्या दप्तरात अजून आहेत, त्यांचा हिशेब द्या, ही त्यांची मागणी. सरकारने नरसंहार मान्य केला 1982 मध्ये, बर्लिनमध्ये स्मारक झालं 2012 मध्ये. झेक देशातल्या लेटी इथे रोमांची छावणी होती, तीनशेवर माणसं तिथेच मेली. पहारेकरी झेक होते. त्या जागी 1970 च्या दशकात डुकरांचा कारखाना उभा राहिला. तो हलवा म्हणून वाचलेले आणि त्यांची मुलंबाळं वर्षानुवर्षं भांडली. सरकारने तो 2017 मध्ये विकत घेतला, स्मारक खुलं झालं 2024 मध्ये.

आणि शेवटी त्या काळातली एक फिल्म. 19 मे 1944, नेदरलँड्समधली वेस्टरबोर्क छावणी. मालगाडीच्या दाराच्या फटीतून डोक्याला फडकं गुंडाळलेली एक मुलगी बाहेर बघतेय. हे चित्र पुस्तकांत, प्रदर्शनांत पन्नास वर्षं ‘ज्यू मुलगी’ म्हणून छापलं गेलं. 1994 मध्ये एका डच पत्रकाराने माग काढला. ती सिंती होती. सेटेला स्टाइनबाख, वय 9.