‘वेबसाइट सांभाळणे हे काय काम झाले?’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

ठाणे आणि नवी मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गटांवरही, सध्या एक लांबलचक संदेश फिरत आहे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नाही. तो अनेकदा पुढे ढकलला गेल्याची खूण मात्र आहे. त्याचा आशय असा : मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पांच्या वेबसाइटी सांभाळणारे स्वयंसेवक स्वतःला योगदानकर्ते म्हणवतात, पण खरे काम कोड लिहिणाऱ्यांचे असते आणि वेबसाइट हा नुसता दर्शनी भाग असतो. ती एकदा उभी केली की काम संपते. उरलेसुरले एआय एका दुपारी करून देईल. शिवाय कोणीही येऊन बदल करू शकतो अशा साइटवर विश्वास ठेवणेच धोक्याचे आहे. मुले हे सगळे रेझ्युमेवर एक ओळ वाढावी म्हणून करतात आणि कंपन्या त्यांना फुकट राबवून घेतात. शेवटी सल्ला आहे : ‘त्यापेक्षा डीएसए करा’, म्हणजे मुलाखतींत विचारतात ते डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम.

मी ठाण्यात राहतो आणि अशाच एका प्रकल्पाच्या संकेतस्थळाची मराठी पाने सांभाळणाऱ्या लहानशा गटात काम करतो, तेव्हा मी तटस्थ आहे असा आव आणत नाही. पण संदेशातली बहुतेक विधाने मतांची नसून वस्तुस्थितीविषयीची आहेत, आणि वस्तुस्थिती तपासून पाहता येते.

पहिले विधान, वेबसाइट हा नुसता दर्शनी भाग असल्याचे. सॉफ्टवेअर कितीही चोख असले तरी ते वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते ते डाउनलोडच्या एका दुव्यातून, आणि तो दुवा असतो संकेतस्थळावर. लिनक्स मिंट या संगणकाच्या कार्यप्रणालीच्या बाबतीत २० फेब्रुवारी २०१६ रोजी नेमके काय घडले ते आठवून पाहावे. हल्लेखोरांनी मिंटच्या कोडला हातही लावला नाही; त्यांनी प्रकल्पाच्या वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळात शिरकाव करून १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा डाउनलोड दुवा बदलला आणि तो मागचे दार, म्हणजे हल्लेखोराला गुपचूप शिरता येईल अशी वाट, बसवलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइलकडे वळवला. त्या दिवशी ज्यांनी अधिकृत साइटवर जाऊन, काहीही वावगे न करता, ती फाइल उतरवली त्यांच्या हाती बाधित सॉफ्टवेअर पडले. ठाणे स्थानकात नऊ-दहा नंबरवर गाडी वेळेवर लागावी, मोटरमनचे काही चुकू नये, पण इंडिकेटरवर वाशीच्या जागी पनवेल झळकावे आणि खारघरच्या माणसाला तुर्भे गेल्यावर उमगावे की आपण भलत्याच गाडीत आहोत, तसाच हा प्रकार झाला. इंडिकेटर हा गाडीचा भाग नव्हे, असे त्या माणसाला सांगून पाहावे.

संकेतस्थळ कोणाचे आहे हेसुद्धा वाटते तितके सरळ नसते. पुट्टी हे दूरच्या संगणकात लॉगिन करण्याचे साधन आमच्या कार्यालयांत जवळपास प्रत्येकाच्या संगणकावर असते, पण त्याच्या नावाचा डॉट-ऑर्ग पत्ता पुट्टी लिहिणाऱ्यांच्या मालकीचा नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? २०२२ साली गुगलच्या शोधात गिंप या चित्रसंपादकाची जाहिरात दिसे, तिच्यावर पत्ताही गिंपचाच दिसे, आणि क्लिक करणारा पोहोचे तो एका हुबेहूब नकली पानावर, जिथून माहिती चोरणारे सॉफ्टवेअर उतरत असे. त्याच वर्षी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरचे अधिकृत संकेतस्थळ भारतातून कित्येक महिने उघडतच नव्हते. तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅन संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यानंतर, नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली. त्या काळात प्लेयर हवा असलेला माणूस थांबून राहिला असेल, असे समजण्याचे कारण नाही. तो शोधात दिसेल त्या पहिल्या साइटवर गेला असणार. खरा पत्ता कोणता, तो सगळीकडे नीट लिहिला आहे का, डाउनलोड अस्सल आहे हे ताडून पाहता येणारी डिजिटल सहीची फाइल त्याच्या शेजारी ठेवली आहे का, पडताळणी कशी करायची ते नवख्याला समजेल अशा भाषेत सांगितले आहे का, ही सगळी कामे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांची आहेत आणि त्यांतले एकही कोडच्या फाइलींत होत नाही.

‘एकदा उभी केली की संपले’ हे विधान ज्याने केले त्याने दोन वर्षे जुनी साइट कधी चालवलेली नसावी. साइटशी सुरक्षित जोडणी व्हावी म्हणून लेट्स एन्क्रिप्ट फुकट देते ती प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे ९० दिवसांच्या मुदतीची राहिली आहेत. नूतनीकरण यंत्रावर सोपवता येते, पण ते यंत्र गपचूप बंद पडले तर आधी कळते ते वाचकाला, लालभडक इशारा पाहून. डोमेनचे नावही सांभाळावे लागते. जानेवारी २०२१मध्ये पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचे पर्ल डॉट कॉम हे नावच चोरीला गेल्याचे उघडकीस आले आणि परत मिळवेपर्यंत काही दिवस गेले. ही झाली ठळक संकटे. रोजचे काम याहून कंटाळवाणे आणि कितीतरी मोठे आहे : नवी आवृत्ती निघाली की इन्स्टॉलेशनचे पान बदलते, जुन्या आवृत्तीवर अडकलेल्यांसाठी जुने पानही शिल्लक ठेवावे लागते, आणि कोणते पान कोणत्या आवृत्तीचे हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळावे लागते.

भाषांतराच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट होतो, आणि इथे डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची पद्धत सांगण्याजोगी आहे. १९९३ पासूनच्या या प्रकल्पाचे संकेतस्थळ अनेक भाषांत आहे. प्रत्येक भाषांतरित फाइलच्या माथ्यावर, हे भाषांतर मूळ इंग्रजी पानाच्या नेमक्या कोणत्या बदलापर्यंतचे आहे, त्याची खूण लिहून ठेवलेली असते. मूळ पान पुढे सरकले की कोणती भाषांतरे मागे राहिली ते यादीत दिसते, आणि एखादे फारच मागे पडले तर मूळ पान पाहावे अशी सूचना वाचणाऱ्याला पानावरच मिळते. म्हणजे ‘झाले’ असे कोणतेही भाषांतर त्या व्यवस्थेत नसतेच. असते ते फक्त ‘अमुक दिवसापर्यंतचे’. आमच्या गटाने हीच सवय उचलली आहे, साध्या तक्त्याच्या रूपात. त्यातला सगळ्यात लांब रकाना मागे पडलेल्या पानांचा असतो हे सांगायला हरकत नाही.

आता एआयचा मुद्दा, ज्याच्यावर संदेशाचा सगळा भर आहे. पहिला खर्डा एआय चांगला करून देते, हे मान्य करायलाच हवे. आम्हीही तो करून घेतो. प्रश्न त्यापुढचा आहे. घणसोलीहून येणाऱ्या आमच्या एका विद्यार्थी सहकाऱ्याने इन्स्टॉलेशनचे एक पान अशा खर्ड्यावरून तयार करून पाठवले. मराठी ओघवती होती, एकही वाक्य अडखळत नव्हते. रविवारी नौपाड्यात एका मित्राच्या घरी आम्ही ते पडद्यावर लावले आणि दिलेल्या आज्ञा एकेक करून रिकाम्या यंत्रावर चालवू लागलो. पहिलीच आज्ञा अडली, कारण दोन सलग आडव्या रेघांच्या जागी एक लांब रेघ आली होती. पुढे पोर्टचा क्रमांक देवनागरी अंकांत छापला गेला होता. वाचायला सुंदर, पण टर्मिनलला निरर्थक. तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा गंभीर होती. सही पडताळण्याच्या पायरीखाली एक वाक्य होते की इंटरनेट मंद असल्यास ही पायरी वगळली तरी चालते. मूळ इंग्रजी पानात असे वाक्य कुठेच नव्हते. ते इतक्या सहजपणे, इतक्या समंजस सुरात लिहिलेले होते की नुसते वाचत गेलो असतो तर नजरेतून निसटले असते. मूळ पान शेजारी उघडून ओळीला ओळ लावली म्हणूनच ते सापडले.

मिंटची हकिकत ज्यांना माहीत आहे त्यांना त्या एका वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको. तुमच्या त्या ‘एका दुपारी’ खर्डा तयार होतो, याबद्दल वाद नाही. तो खरा आहे की नाही हे ठरवायला मात्र आज्ञा चालवून पाहणारा, मूळ पान माहीत असलेला आणि चुकल्यास ज्याला जाब विचारता येईल असा माणूस लागतो, आणि खर्डे जितके स्वस्त होत जातील तितकी त्या माणसाच्या टेबलावरची चळत वाढत जाणार आहे. याला एक दुसरी बाजूही आहे. अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांची दस्तऐवजे ज्या रीड द डॉक्सवर ठेवलेली असतात, तिथे मे २०२४मध्ये एआयसाठी मजकूर गोळा करणाऱ्या एकाच बॉटने ७३ टेराबाइट माहिती खेचली आणि त्या संस्थेला बँडविड्थपोटी ५,००० डॉलरहून अधिक भुर्दंड पडला. अशा बॉटना आवर घालण्याचे नवे काम आता संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांच्याच गळ्यात आले आहे. एआयने त्यांचे काम संपवले म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

कोणीही बदल करू शकतो म्हणून साइट असुरक्षित, हा आरोप ‘सुचवणे’ आणि ‘स्वीकारणे’ यांतला फरक न कळल्यामुळे झाला आहे. बदल कोणीही सुचवू शकतो. तो मुख्य शाखेत, म्हणजे प्रकल्पाच्या चालू प्रतीत, जातो तो अधिकार असलेल्या दुसऱ्या माणसाने पाहून मान्य केल्यावरच, आणि कोणी काय बदलले याची नोंद कायमची राहते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या अधिकृत संकेतस्थळाचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर सगळ्यांना पाहता येतो, म्हणून ते कोणी वाटेल तसे रंगवून गेलेले नाही. मिंटवरचा हल्लासुद्धा खुल्या सूचनांच्या वाटेने आला नव्हता.

या मुद्द्यावर संदेशकर्त्याला खरे तर एक बळकट उदाहरण देता आले असते, ते त्याने दिले नाही म्हणून मीच देतो. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या फाइली आकसवण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार सापडले. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना सॉफ्टवेअर अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना ते दिसले. ते बसवणारा, ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा, स्वयंसेवक म्हणूनच आला होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ सरळ काम करून त्याने विश्वास मिळवला होता. प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा एक उपपत्ता गिटहबवर होता, आणि तोही त्याच्या आवाक्यात होता. मूळ पत्ता मात्र जुने सांभाळकर्ते लासे कॉलिन यांनी एकट्याच्या ताब्यात ठेवला होता, म्हणून प्रकार उघडकीस आल्यावर त्यांना तो उपपत्ता बंद करून पान पुन्हा स्वतःच्या जागी आणता आले. यातून स्वयंसेवक नकोत असा निष्कर्ष काढायचा असेल तर काढावा. मला त्यात दिसते ते वेगळे : एकटा, दमलेला सांभाळकर्ता होता, त्याचे काम वाटून घ्यायला फारसे कोणी पुढे आलेले नव्हते, आणि जो आला त्याच्यावर नजर ठेवायला तिसरा माणूस नव्हता. ‘हे काय काम झाले’ म्हणून लोकांना दूर ठेवणारे संदेश ही परिस्थिती सुधारत नाहीत.

रेझ्युमेबद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण यात तथ्य आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांना बदल पाठवण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या वार्षिक उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी इतके निरर्थक बदल पाठवले गेले की आयोजकांना पहिल्या काही दिवसांतच नियम बदलून, संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच तो उपक्रम मर्यादित करावा लागला. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या वाचा-मला (README) फाइलीत स्वतःचे नाव घालणाऱ्या बदलांचा पूर आला, आणि त्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता, हे नाकारून उपयोग नाही. पण तो कचरा उपसत बसले ते स्वयंसेवकच. कचरा टाकणारा आणि उचलणारा यांना एकाच ओळीत बसवणे योग्य नव्हे.

राहिला फुकट राबवण्याचा मुद्दा. संदेशातला हा एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो. ज्या दस्तऐवजांवर महाप्याच्या अर्ध्या इमारतींतले काम रोज चालते, ती नीट ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक रुपयाही मिळत नाही. पैसे देणे अशक्य आहे असेही नाही : जँगो या वेबसाइटी बांधण्याच्या साधनाच्या प्रतिष्ठानाने २०१४ पासून ‘फेलो’ म्हणून पगारी माणसे नेमली आहेत. ती येणाऱ्या सूचना तपासतात आणि मार्गी लावतात, म्हणजे जे काम सगळ्यांना हवे असते पण कोणी उचलत नाही तेच करतात. तेव्हा तक्रार रास्त आहे, फक्त ती चुकीच्या दारावर नेली आहे. विद्यार्थ्याला ‘हे सोड’ असे सांगण्याऐवजी ती कंपनीतल्या ज्या व्यवस्थापकाकडे न्यायला हवी, त्याच्याकडून मागण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. आपण रोज उघडतो त्या प्रकल्पाच्या दस्तऐवजांत सापडलेली चूक कार्यालयीन वेळेत दुरुस्त करून पाठवायची मुभा हवी. ती कंपनीच्या ईमेल पत्त्यावरून पाठवता यावी यासाठी कायदा विभागाची एकदाची संमती हवी. आणि ऐरोली-रबाळ्याच्या एवढ्या डेटा सेंटरांत आपली यंत्रे भाड्याने असतील, तर त्यांतल्या एकावर प्रकल्पाच्या डाउनलोडचा मिरर, म्हणजे तंतोतंत प्रत, ठेवायला जागा हवी. आमच्या गटातल्या दोघींनी यांतली पहिली मागणी आपापल्या कंपनीत लेखी मांडली आहे. एकीला होकार मिळाला, दुसरीचा अर्ज अजून मनुष्यबळ विभागात आहे.