ॲटलास पतंग आदिम नाही, आणि फुलपाखरू पतंगाची सुधारित आवृत्ती नाही

पावसाळा लागला की इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. वर ॲटलास या भल्यामोठ्या पतंगाचा फोटो आणि खाली मजकूर: हा जगातला सर्वांत आदिम पतंग, इतका जुना की याला तोंडच नाही; पुढे फुलं आली तेव्हा पतंगांना सोंड फुटली, त्यांच्यातून प्रगत फुलपाखरं झाली, आणि हा मात्र कोट्यवधी वर्षं होता तसाच राहिला. राजेंद्रनगरातल्या एका मुलीने शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत हाच मजकूर शब्दन् शब्द उतरवलेला पाहिला, तेव्हा गप्प बसवेना.

आधी तोंडाचं बघू. ॲटलासच्या प्रौढ पतंगाला खाता येत नाही, एवढं खरं. पण त्याच्या पूर्वजांना चांगली सोंड होती. सॅटर्निडी या त्याच्या कुळात ती झिजत गेली. अळी असतानाच तो इतकी चरबी साठवतो की जोडीदार शोधून अंडी घालेपर्यंतचे काही दिवस निभावतात. मध्य प्रदेशातल्या जंगलांत अर्जुन आणि ऐनावर वाढणारा टसरचा पतंग याच कुळातला, तोही उपाशीच जगतो. असलेला अवयव जाणं ही फार नंतरची घडामोड आहे. तिच्या आधारे ॲटलासला आद्य पतंग ठरवणं म्हणजे उलटीच वाट धरणं.

सगळ्यांत जुन्या फांदीवरचे पतंग बघायचे तर काही मिलिमीटरच्या जिवांकडे वळावं लागतं. मायक्रोप्टेरिगिडी हे त्यांचं कुळ. युरोपातली मायक्रोप्टेरिक्स कॅल्थेला ही त्यातली एक जात स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1761 मध्येच नोंदवली होती. पुढचा पंख जेमतेम चार मिलिमीटरचा, त्यावर तांब्या-सोन्याची झळाळी. बटरकपच्या फुलांत हे पतंग गोळा होतात आणि परागकण चक्क चावून खातात. त्यांना सोंड नाही, जबडे आहेत. प्रौढपणीही असे धड जबडे असणारी आणखी दोनच कुळं आहेत: ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर कौरी वृक्षाच्या बिया पोखरणारं अगॅथिफॅगिडी, आणि दक्षिण अमेरिकेत नोथोफॅगस या झाडांच्या पानांवर वाढणारं हेटेरोबॅथमिडी. या तिघांपैकी नेमकं कोण आधी वेगळं झालं, यावर अजून एकमत नाही.

जबड्यांमुळे हे जीव इतके परके वाटत की 1917 मध्ये ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ चॅपमन यांनी मायक्रोप्टेरिगिडींना पतंगांच्या गणातून काढून वेगळाच गण देऊ केला. पुढे डॅनिश कीटकशास्त्रज्ञ नील्स पेडर क्रिस्टेन्सन यांनी या इवल्या कीटकांची डोकी, स्नायू आणि खवले बारकाईने तपासले, आणि त्यांची जागा पतंगांतच, पण अगदी तळाच्या फांदीवर, पक्की होत गेली. मला हे काम फार मोठं वाटतं. चार मिलिमीटरच्या कीटकाचा स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडला जातो हे पाहून वंशवृक्ष मांडायचा, याला चिकाटी लागते.

पतंगांचे सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे कॅडिसफ्लाय. त्यांच्या पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात, आणि पुष्कळ जातींच्या अळ्या पाण्यात रेशमाने वाळूचे कण जोडून घर करतात. पाऊस ओसरल्यावर चोरलसारख्या नदीतले दगड उलटून बघा, अशी घरं शोधण्याची जागा तीच.

आता सोंड आणि फुलं. उत्तर जर्मनीत शांडेलाह इथे खोल छिद्र घेऊन काढलेल्या गाळात पतंगांचे सूक्ष्म खवले सापडले. वय सुमारे 20 कोटी वर्षं. 2018 मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले काही खवले आतून पोकळ होते, आणि असे खवले सोंडवाल्या पतंगांच्या शाखेत आढळतात. फुलांचे निर्विवाद जीवाश्म मात्र सुमारे 13 कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे सोंड बरीच आधीची. संशोधकांच्या मते त्या काळचे पतंग तिने पाण्याचे थेंब आणि सूचिपर्णी झाडांच्या शंकूंवर येणारे गोडसर थेंब शोषत असावेत. फुलं आल्यावर तयार सोंड मधासाठी कामी आली.

‘पतंगांपासून प्रगत फुलपाखरं’ हे वाक्य सगळ्यांत जास्त घोळ घालतं. फुलपाखरं पतंगांच्या वंशवृक्षाच्या आतलीच एक फांदी आहे, सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वी फुटलेली. शेजारच्या फांदीवर पुढे रेशमाचे, टसरचे आणि कण्हेरीवर येणारे मोठे पतंग झाले. त्यामुळे ॲटलासचं नातं मायक्रोप्टेरिक्सपेक्षा फुलपाखराशी कितीतरी जवळचं आहे. अमेरिका खंडातल्या हेडिलिडी कुळातली फुलपाखरं तर बहुतेक रात्री उडतात, त्यांच्या मिशांना फुलपाखरासारखी गाठही नसते. कीटकशास्त्रज्ञ माल्कम स्कोबल यांनी 1986 मध्ये त्यांना फुलपाखरांत आणलं, आणि पुढे डीएनएनेही तेच दाखवलं. दिवस-रात्र आणि मिशा यांवरून वर्ग पाडण्याची सवय इथे निरुपयोगी ठरते.

‘होता तसाच राहिला’ याबद्दल थोडक्यात. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावरून एनिग्मॅटिनिया नावाच्या पतंगासाठी नवं कुळ स्थापन झालं, आणि बातम्यांत तो ‘जिवंत डायनासोर’ झाला. पण जुन्या फांदीवरचा जीवही तितकाच काळ बदलत आलेला असतो. वर आलेल्या अगॅथिफॅगिडी कुळातल्या अगॅथिफॅगाची अळी बीच्या आत राहून राहून बिनपायांची झाली आहे. त्याचे जबडे जुने आहेत, अळीचा हा बिनपायांचा देह त्याच्या स्वतःच्या वाटेवर घडलेला आहे. एकेक लक्षण वेगळं तपासावं लागतं. अख्ख्या प्राण्यावर ‘आदिम’ असा शिक्का मारता येत नाही.

आणि यासाठी परदेशात जायला नको. इंदूरच्या घरांत भिंतीच्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी सरकताना दिसते. ती टिनेइडी कुळातली अळी. पिशवी रेशमाची, वर धूळ आणि वाळूचे कण चिकटवलेले, दोन्ही टोकं उघडी. अळी आत वळून हव्या त्या टोकातून डोकं काढते. कोळ्याची जाळी, गळलेले केस, लोकर खाते. डिट्रिसिया या पतंगांच्या सर्वांत मोठ्या शाखेतली अगदी सुरुवातीला वेगळी झालेली फांदी ही. ॲटलासपेक्षा कितीतरी आधीची, आणि आपण तिला केरसुणीने झाडून टाकतो.

दिसली तर बाटलीत ठेवा, सोबत थोडं कोळ्याचं जाळं आणि केस घाला, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा. पतंग बाहेर आला की आलेख कागदावर ठेवून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, आणि पिशवीही जपून ठेवा. नुसत्या फोटोवरून अशा पतंगाची जात सहसा ठरत नाही. जननेंद्रियांची रचना बघावी लागते किंवा डीएनए तपासावा लागतो, आणि त्यासाठी नमुना लागतो.