‘र’ उच्चारावा की गिळावा?

घरी फोन केला की हल्ली एक वाद हमखास निघतो : मुलांनी इंग्रजी बोलताना कोणाचा उच्चार आदर्श मानावा? ‘खरे इंग्रजी ब्रिटिशांचेच’ असे काही आप्त ठामपणे सांगतात, तर नोकरीच्या दृष्टीने अमेरिकन उच्चारच उपयोगी, असे इतरांचे म्हणणे असते. आपल्या बोलण्यातले मराठी वळण मात्र घालवलेच पाहिजे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत असते. अकरा वर्षे स्कॉटलंडमध्ये राहिल्यानंतर मला या वादाचा पायाच कच्चा वाटू लागला आहे.

आप्तांच्या मनातला ‘ब्रिटिश उच्चार’ म्हणजे भाषाशास्त्रात ज्याला ‘रिसीव्ड प्रनन्सिएशन’ म्हणतात तो, मुख्यतः इंग्लंडच्या खासगी निवासी शाळांशी जोडला गेलेला उच्चार. तो बोलणारे ब्रिटनमध्ये सुमारे ३ टक्केच असावेत, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी १९७० च्या दशकात मांडला होता. तरीही त्याला प्रमाणत्व मिळाले, कारण सत्ता, शिक्षण आणि पुढे नभोवाणी त्याच्या पाठीशी उभी राहिली. १९४१ मध्ये बीबीसीने यॉर्कशरचे विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला दिल्या, तेव्हा त्यांचा उत्तरेकडचा हेल अनेक श्रोत्यांना खटकला होता.

माझी स्वतःची आवड विचाराल, तर मला स्कॉटिश इंग्रजी सर्वांत गोड वाटते. पुष्कळ दिवस मी याचे श्रेय त्या भाषेच्या अंगभूत सौंदर्याला देत होतो, पण नीट ऐकू लागल्यावर त्याचे कारण माझ्याच मातृभाषेत सापडले. लंडनकडच्या उच्चारात ‘कार’ किंवा ‘फार्म’ या शब्दांतला ‘र’ नाहीसा होतो, तर स्कॉटिश माणूस तो जपतो आणि पुष्कळदा आपल्यासारखाच जिभेच्या टोकाने उच्चारतो. ‘गो’ आणि ‘फेस’ या शब्दांत दक्षिण इंग्लंडमधले लोक ‘ओउ’, ‘एइ’ असे जोडस्वर घेतात. स्कॉटिश बोलण्यात मात्र तिथे सरळ ‘ओ’ आणि ‘ए’ ऐकू येतात. आयरिश बोलण्यातही इंग्रजी ‘th’च्या जागी पुष्कळदा मराठी ‘थ’सारखी जीभ दातांना टेकते, आणि तेही माझ्या कानाला लगेच जवळचे वाटते. म्हणजे मी ज्याला सौंदर्य म्हणत होतो, त्यात ओळखीचा वाटा मोठा होता.

नावडीचेही तसेच. बर्मिंगहॅमचा उच्चार ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे कुरूप ठरवला गेला. ट्रडगिल आणि सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड जाइल्स यांनी वेगवेगळ्या ब्रिटिश धाटणीचे नमुने उत्तर अमेरिकेतील श्रोत्यांना ऐकवले, तेव्हा हे शहरी उच्चार न ओळखणाऱ्या त्या श्रोत्यांनी ब्रिटिशांसारखी क्रमवारी लावली नाही. बोलणाऱ्याचे शहर आणि त्याचा सामाजिक थर ठाऊक असल्याशिवाय कान सहसा नाक मुरडत नाही, असे मी यावरून समजतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसणारा मराठी माणूसही ध्वनीला हसत नसतो. त्या बोलीमागचे गाव आणि जात त्याला ऐकू येत असते. आपण जे आपल्याच माणसांशी करतो, तेच इंग्रजीच्या निमित्ताने आपल्या मुलांशी करू लागलो आहोत, आणि याचे मला मनापासून दुःख होते.

सर्वच उच्चार कुठेही चालतील, असे माझे म्हणणे नाही. माझ्या तोंडचे ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम, इथल्या सहकाऱ्यांना कधीकधी ‘व्हेस्ट’ म्हणजे बनियन असे ऐकू येई आणि अर्थ बदलून जाई. म्हणून डब्ल्यू उच्चारताना ओठांचा चंबू करण्याची सवय मी प्रयत्नाने लावून घेतली. ‘ट’ आणि ‘ड’ मात्र मी मराठीच ठेवले आहेत, कारण त्यांच्यामुळे माझे म्हणणे कोणाला कळले नाही, असे अकरा वर्षांत एकदाही झालेले नाही. पुढच्या वेळी फोनवर हा विषय निघाला की उच्चार कोणत्या देशाचा, हे विचारण्याआधी मुलांचा कोणता शब्द ऐकणाऱ्याला कळला नाही, एवढेच मी आधी विचारणार आहे.