काका होल्डवर आहेत

परवापासून घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर माझं नाव 'ऑपरेटर' पडलंय. कुणी साधं 'कुठे पोचलात' विचारलं तरी खाली कुणीतरी टाकतं, 'थांबा, ऑपरेटर जोडून देतायत.' मीही एक हसणारा चेहरा टाकला, कारण नाही टाकला तर 'चिडला चिडला' सुरू होतं. चिडलोयच म्हणा.

माझ्या घरी ते जुने सहा बटणांचे फोन आहेत, पूर्वी ऑफिसात रिसेप्शनच्या टेबलावर असायचे तसले, पाच लाइनींची पाच बटणं आणि डाव्या टोकाला एक लाल, होल्डचं. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे, गोल डायलवाला मॉडेल ५६५ आणि आकड्यांच्या बटणांचा २५६५. घरात माणसं दोन. दोन माणसांना पाच लाइनी कशाला हे मला सगळ्यांनी विचारून झालंय, आता तुम्ही विचारू नका. खरी लाइन तशी एकच, इंटरनेटच्या डब्यातून येते, बाकीच्या जुन्या इंटरकॉमवर जोडल्यात. हे मावशींना सांगायला नको होतं असं बायकोचं म्हणणं, पण त्यांनी विचारलं.

मावशी म्हणजे बायकोची मावशी. त्या आलेल्या, त्यांचा मोबाइल चार्जिंगला, म्हणून काकांनी घरच्या नंबरावर फोन केला. घंटा वाजली, पहिल्या बटणाखालचा दिवा उघडझाप करायला लागला, आणि मला इतका आनंद झाला की मी मावशींनाच पुढे केलं. बटण दाबा, रिसीव्हर उचला. जमलं. दिवा स्थिर झाला, बोलणं सुरू झालं, कपाटाची किल्ली सापडत नव्हती काकांना. तेवढ्यात मावशींना बायकोला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून त्यांनी रिसीव्हरवर पंजा ठेवला. आता ज्या फोनला होल्डचं बटण आहे त्यावर पंजा ठेवलेला मला बघवत नाही. मी म्हटलं, "मावशी, हात नको, ते लाल दाबा."

त्यांनी दाबलं. लाइनचं बटण टक् करून वर आलं.

"तुटलं!"

"तुटलं नाही, ते वर येतंच."

"आणि हा दिवा डोळा काय मारतोय मला?"

"मावशी, ते काका आहेत."

"ते कशाला मारतील आता," म्हणाल्या, आणि लगेच आवाज एकदम खाली आणून, "हळू बोला जावईबापू, ऐकतायत ते."

"नाही ऐकत, होल्डवर आहेत."

"मग दिवा का लुकलुकतोय?"

"कारण ते लाइनीवर आहेत."

"आहेत ना? मग ऐकतायत."

यावर काय बोलणार. मी तरी बोललो. घंटा वाजत असते तेव्हा दिवा सावकाश उघडझाप करतो, कुणी बोलत असेल तर नुसता जळतो, होल्डवर भराभर मिचमिचतो, तीन अवस्था, इतकं सोपं. मावशी दिव्याकडे पाठ करून पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. मग त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, म्हणजे आता प्रश्नच मिटला, आणि वळून बघितलं तर दिवा चालूच.

"मी फोन ठेवला की हो!"

"ठेवला तरी लाइन धरलेली असते."

"कोणी?"

"पेटीने."

मग पेटी दाखवावी लागली. माळ्याखाली भिंतीवर आहे ती. फोनला स्वतःला फारशी अक्कल नसते, सगळी अक्कल पेटीत, एकेका लाइनीला एकेक कार्ड. आणि त्यातली गंमत मला खरंच कुणालातरी सांगायची असते. तुम्ही नुसता फोन ठेवता तेव्हा लाइनीतला प्रवाह तुटतो आणि कार्ड लाइन सोडून देतं. पण होल्ड दाबलं की आधी तारांच्या वेगळ्या जोडीवरून येणारी खूण बंद होते, प्रवाह अजून वाहत असतानाच, आणि आतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, या क्रमावरून ओळखतो की माणूस गेला नाहीये, थांबायचंय. मग तो फोनच्या जागी लाइनीवर रेझिस्टर टाकून प्रवाह चालू ठेवतो आणि ती धरून बसतो. त्यात ना चिप ना सॉफ्टवेअर, १९६० च्या दशकातली डिझाइन. हे मी सांगत होतो आणि मावशी म्हणाल्या, "भिंतीला भोकं किती पाडलीत!"

भोकांचं असं आहे की एका फोनला पंचवीस जोड्यांची केबल लागते, म्हणजे पन्नास तारा, अंगठ्याएवढी जाड. एका लाइनीला तीन जोड्या, एक बोलण्याची, एक खुणेची, एक दिव्याची. आणि रंग बघून जोडायच्या, पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पुढे लाल, काळा, पिवळा, जांभळा, आणि प्रत्येक रंगाच्या पाचव्या जोडीला तो राखाडी, जो रात्री बल्बखाली पांढऱ्यासारखाच दिसतो. शिवाय जुने फोन मिळतात तेच मुळी केबल छाटलेले. हे मला कधीच माफ करता येणार नाही. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिस्टिम आल्या, दोन-चार जोड्यांत काम व्हायला लागलं, हे फोन काढून टाकले, आणि काढणाऱ्यांनी दोन स्क्रू सोडवून टोकाचा कनेक्टर काढायचा की नाही? नाही. कटर घेतला, फोनच्या बुडाशी खच्. मग पुढे कुणीतरी अनोळखी मूर्ख ते पन्नास तुकडे सोलत बसतो. मी बसतो. आणि इतकं करून गोल डायल फिरवला तर हल्लीच्या बऱ्याच डब्यांना तो कळतच नाही, त्यांना फक्त बटणांचे सूर कळतात. सेकंदाला दहा टिकटिक इतका सरळ हिशोब आहे, पण नवीन वस्तू बनवणाऱ्यांना जुन्याची लाज वाटते. मग मध्ये आणखी एक डबी लावा.

"हात लावू का?" मावशी.

म्हटलं नको, घंटा येते तेव्हा या तारांत नव्वद व्होल्टच्या आसपास असतात, चांगला झटका बसतो. मावशी झटकन मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, आणि हे आत आहेत ना?"

काका! ते होतेच. आम्ही पळत बाहेर. तोपर्यंत किल्लीपासून काकांच्या कानाच्या मशीनपर्यंत सगळं कुजबुजून झालं होतं, दिवा इमानेइतबारे मिचमिचत होता. मावशींनी बटण दाबलं, उचललं. "अहो, आहात का?"

काका म्हणाले, "आहे की. तू एकदम गप्प झालीस, मला वाटलं रागावलीस. म्हणून मी पण गप्प बसलो."

हे मावशींनी ग्रुपवर टाकलं, आणि बाकीचं तुम्हाला माहितीये.

माझं म्हणणं इतकंच की यात हसण्यासारखं फोनने काय केलं? माझ्याहून वयाने मोठ्या कार्डाने एक माणूस एवढा वेळ नीट धरून ठेवला, सोडला नाही, पाडला नाही, खरखर नाही. इकडे नवे कोरे मोबाइल घेऊन याच ग्रुपमधली माणसं 'हॅलो, हॅलो, आता येतोय का आवाज' करत गॅलरीत जाऊन उभी राहतात, त्यांना कुणी नावं नाही ठेवत. कॉल कट झाला तर 'रेंज नव्हती', आणि माझ्याकडे कट नाही झाला तर मी ऑपरेटर. आणि खरं सांगायचं तर या फोनवर आता येतं कोण? कर्ज हवंय का विचारणारे. पाचही दिवे एकदम लागलेले मी अजून पाहिले नाहीत, स्वतःच घरभर फिरून लावले तेव्हाचं सोडून.

काल मावशींचा परत फोन, बायकोच्या मोबाइलवर, पण मला द्यायला सांगितला. म्हणाल्या, "जावईबापू, ते नुसतं लाल बटण मिळेल का हो? आमच्या ह्यांना अधूनमधून थांबवून ठेवायला बरं पडेल."

मी म्हटलं, नुसतं बटण नाही चालत मावशी, त्याला पेटी लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो, पंचवीस जोड्या केबल लागते, मी येऊन बसवून देतो ना. मनापासून म्हटलं.

"भोकं पाडणार?"

"चार-पाच."

"राहू दे मग," म्हणाल्या, "तसे ते गप्पच असतात."