अपघात झाला, पण नोंदला कुणी?

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. कुठंतरी बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर मागनं मोटरसायकल आदळते, फोटो येतो आणि मग सुरू. एक म्हणतो पोरं लै वाऱ्यावर आहेत, दुसरा म्हणतो हेल्मेटसक्ती करा, तिसरा त्यालाच झाडतो की आधी खड्डे भरा, चौथा कारखानदारांवर घसरतो, आणि सातारा-कागल सहापदरी महामार्गाचा विषय निघाला की मग रात्रभर कुणी झोपत नाही. मी स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये बसून हे सगळं वाचतो. मत प्रत्येकाकडं आहे, आकडा कुणाकडंच नाही. गेल्या हंगामात जिल्ह्यात उभ्या ट्रॉलीवर आदळून किती जण गेले, हा साधा प्रश्न टाकला तर एकानं अंगठा दाखवला आणि एकानं लिहिलं, "भावा, तिकडं बसून शहाणपणा शिकवू नको."

तरीपण लिहितो, कारण माझ्या मते आपली खरी गोची तिथंच आहे.

आपल्याकडं अपघात झाला की पहिला कागद होतो तो गुन्ह्याचा. आधी दंड संहितेचं 279 आणि 304अ होतं, जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 281 आणि 106. ही कलमं एकच विचारतात, चूक कुणाची. त्यामुळं फिर्यादीत "हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात" हे येणारच, ते आल्याशिवाय कलम बसतच नाही. पुढं त्याच कागदावरनं रकाने भरले जातात आणि त्याची दिल्लीत आकडेवारी होते. केंद्राच्या 2022 च्या अहवालात देशात 4,61,312 अपघात आणि 1,68,491 मृत्यू आहेत, आणि 70 टक्क्यांहून जास्त अपघातांचं कारण काय, तर अतिवेग. वेगानं माणसं मरतात हे मला मान्यच आहे, पण रात्री अकराला आडरस्त्यावर पोचलेल्या हवालदारानं तो वेग मोजला कशानं? वळण, जंक्शन, हवामान यांचेही रकाने आहेत, नाही असं नाही, पण भरणारा माणूस तोच, आणि त्याला उद्या कोर्टात टिकणारी केस हवी असते. मधेच तोडलेला डिव्हायडर किंवा बंद पडलेला दिवा काही आरोपी होत नाही.

हे झालं कागदावर आलेल्या अपघातांचं. माझ्या मावसभावाचा तर कागदच झाला नाही. राधानगरी रोडला संध्याकाळ उलटून गेल्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चाक बदलायला उभा होता, मागं चार दगड लावलेले, दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलात बुजलेला. समोरनं येणाऱ्या गाडीचा हेडलाईट डोळ्यावर आला आणि हा थेट उसाच्या मोळ्यांत. खांदा मोडला, उजव्या हाताची दोन बोटं आजपण सरळ होत नाहीत. ट्रॅक्टरवाला शेजारच्याच गावचा, ओळखीतला. दोन्हीकडचे मामा-काका बसले, बिल निम्मं निम्मं ठरलं आणि दवाखान्यात सांगितलं की जिन्यावरनं पडला. मी त्यांना नावं ठेवत नाही. केस केली असती तर गाडी ठाण्यात अडकली असती, तारखा पडल्या असत्या, ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद म्हणजे त्या माणसाचं वर्ष बुडालं असतं. पण सरकारच्या हिशोबात तो अपघात झालाच नाही, ना ती जागा कुठं नोंदली गेली, ना तो न लावलेला दिवा.

आता इकडचं सांगतो. एका हिवाळ्यात सायकलचं चाक ट्रामच्या रुळात अडकलं आणि मी आडवा झालो. इमर्जन्सीमध्ये हाताला पट्टी बांधायच्या आधी एक फॉर्म हातात आला. कुठं पडला, रस्ता कसा होता, बर्फ होता का खडी, दुसरी गाडी होती का, काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा. पोलीस नाही, कुणाची चूक हे तर कुणी विचारलंसुद्धा नाही. हे जातं स्ट्राडा नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेत. 2003 पासून पोलिसांची माहिती देशभरातनं त्यात जाते, दवाखाने हळूहळू जोडत गेले, आणि दोन्हीकडच्या नोंदी एकमेकांशी जुळवल्या जातात. त्यातनं काय निघालं, तर गंभीर जखमींमध्ये एकट्यानंच सायकलवरनं पडलेले आणि बर्फावर घसरलेले पादचारी ढिगानं आहेत, जे पोलिसांच्या वहीत जवळपास दिसतच नव्हते. इथं घसरून पडलेली आजीसुद्धा मोजतात. आणि रस्त्यावर कुणी मेलं तर रस्तेखातं पोलिसांपासनं वेगळी, स्वतःची चौकशी करतं, ज्यात जागेवर जाऊन कठडा कसा होता, गाडी कशी चेपली, पट्टा लावला होता का हे बघतात.

कोटीभर लोकसंख्येच्या या देशात वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, महाराष्ट्रात 2022 मध्ये 15,224 गेली. ही तुलना मला फार ताणायची नाही, इथं ना ऊस आहे ना तिब्बल सीट, आणि फॉर्म भरून घेतल्यानं कुणाचा जीव वाचत नाही. पण कुठला कठडा आधी बदलायचा यावर भांडण कमी होतं, एवढं मी बघितलंय.

आपल्याकडं काहीच नाही असंही नाही. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेनं केलेली अपघात नोंदायची आयरॅड ही यंत्रणा, आता जिला ई-डार म्हणतात, ती महाराष्ट्रात सुरुवातीपासनं आहे. पोलीस जागेवरनं मोबाईलवर लोकेशन आणि फोटो टाकतात, पुढं आरटीओ, बांधकाम खातं, दवाखाना यांनी आपापला भाग भरायचा. कल्पना झकास आहे. पण सुरुवात परत पोलिसांपासनंच, म्हणजे मिटवलेलं प्रकरण तिथंही येत नाही. ब्लॅक स्पॉटचं, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा ठरवायचंही तसंच, राष्ट्रीय महामार्गावर पाचशे मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. नोंदच नसेल तर पाच भरणार कधी? आणि जखमी माणूस सीपीआरमधनं, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातनं, मिरजेला नाहीतर पुण्याला हलवला आणि वीस दिवसांनी गेला, तर तो मूळ ठाण्याच्या आकड्यात यायला मधल्या प्रत्येकानं कागद पुढं ढकलायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा 2016 सालचा भारताचा अंदाज जवळपास 2.99 लाख मृत्यूंचा होता, सरकारी आकडा दीड लाखाचा. संघटनेचा अंदाज गणिती मॉडेलवरचा आहे, त्यावर वाद घाला, जरूर घाला, पण दुप्पट फरक म्हणजे काय चेष्टा आहे काय?

म्हणून ग्रुपवरच्या मंडळींना माझं म्हणणं इतकंच, कलेक्टरांच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडं हेल्मेटचं निवेदन द्यायच्या आधी एक साधी मागणी करा. कुठलाही एक महिना घ्या. त्या महिन्यात 108 नं अपघाताचे किती जखमी उचलले, कुठनं उचलले, सीपीआरच्या चौकीत किती नोंदी झाल्या, आणि जिल्ह्यातल्या ठाण्यांत किती गुन्हे दाखल झाले, हे तिन्ही आकडे, माणसांची नावं वगळून, एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. नवीन ॲप नको, टेंडर नको, तिन्ही वह्या आजपण लिहिल्या जातातच. खासगी दवाखाने यात यायला कुरकुर करणार, कारण अपघात म्हटलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, आली, पोलीस आले, डॉक्टरला साक्षीला जावं लागलं. त्यांच्यासाठी फक्त जागा, वेळ, वाहन आणि जखम एवढंच लिहिलेली, कोर्टात न जाणारी वेगळी चिठ्ठी काढता येते का, हे आधी विचारा, कारण मावसभावासारख्यांचा जिना त्याशिवाय रस्त्यावर येणार नाही.